डाव्या बाजूचा पत्रा

९ जानेवारी

ताई,

वन्सं म्हणायचं की ताई, हे आपलं कधी ठरलंच नाही. ठरायला दोन माणसांनी एका खोलीत थोडा वेळ बसावं लागतं. माझ्या लग्नात तुम्ही अर्धा दिवस होतात, आई गेल्या तेव्हा दोन तास. त्या दोन तासांत माझ्याशी एकच वाक्य बोललात, "पंखा बंद करा, आईला वारा सोसत नाही." आई तर तेव्हा गेलेल्याच होत्या. मी पंखा बंद केला. तेव्हापासून मनात मी तुम्हाला ताईच म्हणते.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्ता आईंच्या कपाटातल्या एका पाकिटावर मिळाला. तुम्ही घर बदललं असेल तर हे ज्यांच्या हाती पडेल त्यांनी कृपा करून फाडून टाकावं, आमचं काही म्हणणं नाही.

बातमी अशी की बाबांना झटका आला. आज पाच आठवडे झाले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं पुरतं गेलं नाही, पण शब्द भलतेच येतात. सगळ्याला 'पाना' म्हणतात. चहा म्हणजे पाना, उशी म्हणजे पाना, तुमचा भाऊ म्हणजे पाना. 'तो'ची 'ती' होते, 'माझं'चं 'तुझं' होतं. पहिले चार दिवस आम्ही रडलो, मग हसायलाही लागलो. दुसरं काय करणार.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी त्यांनी खाटेवर पडायला साफ नकार दिला. डाव्या हातानं वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्याकडे दाखवत राहिले. तिथे ताडपत्रीखाली ती मोटारसायकल आहे, तुम्ही घरात असताना भंगारातलं इंजिन आणि सांगाडा आणून बांधलेली. टाकीखालून सीटपर्यंतचे दोन्ही बाजूंचे पत्रे हातानं ठोकून केलेले. मी या घरात आल्यापासून त्या ताडपत्रीला कुणी हात लावलेला बाबांना चालत नव्हता. एकदा मी झाडताना तिचा कोपरा उचलला, तर तीन दिवस बोलले नाहीत. आणि आता स्वतःच, "पाना, पाना," करत तिकडे बोट.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना कशात तरी गुंतवा." म्हणून आम्ही गाडी परत उभी करायला घेतलीय. इंजिन तुमच्या भावानं डेपोतल्या मेकॅनिकला दाखवलं, ते होईल म्हणतो. टाकी, मडगार्डं, बाजूचे पत्रे, सगळं सुटं करून गंज काढायला दिलंय. येईल आठवड्याभरात.

एवढंच विचारायचं होतं की गाडीचा मूळ रंग कुठला? सुटी करताना टाकीवर तीन थर दिसले, वर काळा, मग हिरवट, सगळ्यात खाली मातकट लाल. तुमच्या भावाला आठवत नाही. त्याला काहीच आठवत नसतं.

बाबा बरे आहेत. म्हणजे तसे बरे नाहीत, पण जेवतात.

तुमची वहिनी

२८ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. रंगाचं राहू दे. मातकट लालच देऊ.

बाबांची खुर्ची आता वर्कशॉपच्या दारात असते. सकाळी नऊला बसवते, साडेबाराला आत आणते, चारला परत. समोर गाडीचा सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर. ते डावं बोट उचलून एकदा डावीकडे दाखवतात, एकदा उजवीकडे, मग माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "येताहेत बाबा, येताहेत." गंज काढणारा माणूस फार हळू आहे. त्याला मी दोनदा टोकलं.

तुमच्या कानावर आलं असेल की बाबांनी मला पत्र्याचं काम शिकवलं. कुणी सांगितलं असेल तर कसं सांगितलं असेल, याचा मी खूप विचार केलाय. म्हणून माझ्याकडून ऐका.

मी मागून घेतलं नाही. आई गेल्यावर बाबांना पत्रा धरायला कुणी नव्हतं. तुमच्या भावाची डेपोतली नोकरी, आणि तसंही त्याला हातोडीचा आवाज डोक्यात जातो. एक दिवस बाबा म्हणाले, "जरा धर." मी धरला. सहा महिने नुसतं धरतच होते. एका गाडीचं दार होतं, मधोमध पोचा आलेला. बाबांना चष्म्यातूनही तो नीट दिसेना. म्हणाले, "तुला दिसतोय ना? मग तूच मार." मी मारली. ते म्हणाले, "कडेनं सुरू कर गं, मध्ये काय मारतेस, पत्रा काय तुझा वैरी आहे?" झालं, तेवढंच. कधी 'छान' म्हणाले नाहीत. तुम्हाला म्हणायचे का?

मग ॲल्युमिनियम. पत्र्याला साबण चोळायचा, खालून ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं, मग पत्रा मऊ होतो. दोन-तीन वेळा ठोकून ताठ झाला की परत साबण, परत ज्योत. त्यांनी हे दाखवलं तेव्हा मला इतकी गंमत वाटली की मी आत येऊन तुमच्या भावाला अंघोळीच्या साबणाची गोष्ट सांगितली. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "मला माहितीय." मला तेव्हा वाटलं, वडिलांकडे बघून माहीत असेल.

आता दुकानात येणारी डेंटिंगची कामं मीच करते. लोक आधी विचारतात, "मिस्त्री कुठेत?" मग मी हातमोजे घालते तेव्हा गप्प होतात.

हे सगळं तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाहीये. तुम्ही घरात असताना बाबांनी तुम्हाला शिकवलं नाही, आणि सुनेला शिकवलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटत होतं. मला अपराधी वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

पत्रे आले की फोटो पाठवते.

वहिनी

१६ फेब्रुवारी

ताई,

पत्रे येणार नाहीत.

पहिलं पत्र मी लिहिलं तेव्हाच या गोष्टीला पाच दिवस झाले होते. दोन्ही पत्रांत मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्हाला सांगायचं काही कारणही नव्हतं, तुम्ही काही विचारलं नव्हतं. पण बाबांना रोज तेच सांगून सांगून जीभ वळली होती.

झालं ते असं. तुमच्या भावानं गाडीचे सगळे भाग सोडवून गोणीत भरले. त्या दिवशी बाबांना तपासणीला न्यायचं होतं, मी घाईत होते. वाटेत गोणी गंज काढणाऱ्याकडे टाकली. त्याच्याकडे कॉस्टिकची मोठी गरम टाकी आहे. लोखंडावरचा रंग, गंज, सगळं त्यात सुटतं. शनिवारी टाकलं, सोमवारी मी आणायला गेले. त्यानं मडगार्डं काढून दिली, टाकी दिली, चेनकव्हर दिलं. मग एका डब्यात सहा स्क्रू आणि दोन लोखंडी पट्ट्या दिल्या. म्हणाला, "बाई, बाकीचं ॲल्युमिनियम होतं. त्याचं पाणी झालं."

मी टाकीत वाकून बघितलं. काळा गाळ होता, फेस होता. मला काय वाटलं होतं कोण जाणे, तळाशी काहीतरी असेल, एखादा तुकडा. त्यानं लांब सळई फिरवून दाखवली. काही लागलं नाही.

त्यानं विचारायला हवं होतं. तुमच्या भावानं सांगायला हवं होतं, पत्रे हातात हलके लागले असतील की त्याला. पण रंगाचे आणि लांबी-पुट्टीचे थर इतके होते की वजन कळलं नाही म्हणतो.

बाबांना सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, त्रास होईल असं काही सांगू नका. हे वाक्य फार सोयीचं आहे.

तर मी नवे करतेय. बाबांना आत आणलं की दुपारी ते झोपतात, तेव्हा ठोकते. आवाज घरात जातो, पण डेंटिंगचा आणि याचा आवाज त्यांना वेगळा कळत असेल का, माहीत नाही. कळत असेलच. उजव्या बाजूचा झाला. एक जुना फोटो होता, तुमचा भाऊ गाडीला टेकून उभा आहे, त्यात उजवी बाजू नीट दिसते. चांगला झालाय. माझ्या हातून झाला म्हणून म्हणत नाही.

डावा होत नाही. दोनदा केला, दोनदा फेकला. तिकडे बॅटरीचा डबा आहे, त्यामुळे पत्रा आधी बाहेर फुगतो आणि गुडघ्यापाशी पीळ घेऊन आत वळतो. तो पीळ कुठून सुरू करायचा तेच समजत नाही. फोटो नाही. लाकडी साचे तुम्ही घर सोडलंत त्या वर्षी बाबांनी कुऱ्हाडीनं फोडले, असं तुमचा भाऊ सांगतो. तुम्ही तेव्हा बाबांना पत्रा धरायचात ना? काही आठवत असेल तर दोन ओळी लिहा. रेघ मारून पाठवली तरी चालेल.

मी ते दोन्ही पत्रे जुनेच म्हणून बसवणार आहे. साफ करून आणलेत म्हणून सांगणार आहे. तुम्हाला हे पटणार नाही. मला तरी कुठे पटतंय.

वहिनी

५ मार्च

ताई,

हे पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचा. नंतर मला काय म्हणायचं ते म्हणा.

काल तिसरा डावा पत्रा झाला. तुमचं उत्तर नाही, म्हणून अंदाजानंच केला. दिसायला बरा होता. दोन्ही बसवले. रंग दिला नव्हता. चारला बाबांची खुर्ची गाडीजवळ नेली आणि म्हटलं, "बघा, आले तुमचे पत्रे. साफ होऊन आले."

बाबांनी डावा हात लावला. आधी उजव्या बाजूला. वरून खाली, खालून वर. मान हलवली. मग मी खुर्ची वळवून दुसऱ्या बाजूला नेली. त्यांनी हात ठेवला आणि गुडघ्याच्या जागेपाशी थांबले. परत मागे नेला, परत तिथे आले, परत थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तिचं नाही."

मला वाटलं, नेहमीचा घोळ, 'माझं'चं 'तिचं'. मी म्हटलं, "तुमचंच आहे हो बाबा."

"तिचं," ते म्हणाले. "तिचं नाही हे." आणि पत्रा ढकलायला लागले. स्क्रू लावलेला पत्रा, तो काय हलतोय. चार बोटांनी ढकलत राहिले, गाडी ठोकळ्यांवर हलायला लागली. मी धरायला गेले, तर बघते तो तुमचा भाऊ मागे दारात उभा. डेपोत जायला निघालेला, एक बूट पायात, एक हातात. मी त्याला इतक्या वर्षांत कधी असा पांढरा पडलेला बघितला नव्हता.

त्यानं कामावर खाडा केला. बाबांना झोपवलं आणि स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं.

तुम्हाला मी काय सांगतेय, तुम्ही तिथेच होतात. पण मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं, हे तुम्हाला कळायला हवं. उजवा बाबांनी केला आणि डावा तुम्ही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं, पाच आठवडे. एक जुन्या गाड्यांचा शौकीन बघायला आला होता. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "मिस्त्री, उजवा उत्तम आहे, पण डावा म्हणजे कमाल. कुणी केला?" तुम्ही पत्रा ठोकायची मोगरी हातात घेऊन शेजारी उभ्या होतात. आणि बाबा म्हणाले, "दोन्ही मीच. डावा नंतर केला, तोवर हात बसला होता."

तुमचा भाऊ म्हणतो, "तायडी काही बोलली नाही. मोगरी जागेवर ठेवली आणि आत गेली. मी तिथेच होतो, सोळा वर्षांचा. मला माहीत होतं कुणी केलाय ते."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "कुणाशी?"

खरंच, कुणाशी? बाबांशी बोलायची हिंमत नव्हती, तुमच्याशी बोलायला तोंड नव्हतं, आणि मी तर तेव्हा या घरातच नव्हते. त्या वर्षअखेरीला तुम्ही गेलात. बाबांनी साचे फोडले आणि गाडीवर ताडपत्री टाकली. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांनी तुम्हाला शिकवलं नाही.

आता उरलेलं सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं की त्या टाकीवाल्यानं विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं होतं. गोणीवर हात ठेवून म्हणाला होता, "बाई, सगळं लोखंड आहे ना? नक्की?" माझ्या खिशात लोहचुंबक होता. बाबांनीच लावलेली सवय, कुठलाही पत्रा आला की आधी चुंबक लावायचा. गोणी उघडून चुंबक लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. बाहेर रिक्षात बाबा थांबले होते. मी म्हटलं, "हो हो, सगळं लोखंड."

या घरात तुमच्या हातची एकच वस्तू होती. तिचं मी पाणी केलं.

माफी मागायला लिहीत नाहीये, ती मागून काय होणार? पण बाबा कालपासून जेवलेले नाहीत. 'तिचं' एवढंच म्हणतात. आणि आता मला त्यात घोळ दिसत नाही. तुम्ही यावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण म्हणते. या.

वहिनी

६ मार्च

ताई,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं. घरी येऊन भांडी घासायला घेतली आणि वाटलं, परत काढून आणावं. गेले. पेटीच्या फटीत मनगटापर्यंत हात जातो, पुढे जात नाही. एक आजोबा बघत उभे होते. म्हणाले, "काय पडलं का आत?" मी म्हटलं, "हो."

तर ते येईलच तुमच्याकडे.

बाबांनी आज थोडी पेज घेतली.

२ एप्रिल

ताई,

नीट पोचलात ना? तुमच्या भावानं फोन केला होता, लागला नाही.

तुम्ही येणार म्हणून कळवलं नव्हतंत, म्हणून दार उघडल्यावर मी कपड्यांचा ढीग हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई आत या सुद्धा म्हणत नाही. तुम्ही सरळ बाबांकडे गेलात. त्यांनी तुमच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पाना!" आणि तुम्ही हसलात. मी तुम्हाला कधी हसताना बघितलं नव्हतं. तुमच्या भावासारखंच हसता, एका बाजूनं.

ते तीन दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर कमीच आले, तुम्हाला जागा हवी म्हणून. बाबांनी तुमचं मनगट धरून गाडीच्या डाव्या बाजूवर, माझा पत्रा काढून उघड्या ठेवलेल्या, नेऊन ठेवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पत्रा आहे का घरात?" हे मी दारातून ऐकलं. पत्रा मीच आणून टेबलावर ठेवला आणि परत आत आले. आपण तेव्हाही बोललो नाही.

पहिल्या दिवशीचा आवाज चांगला होता. मी कणीक मळता मळता ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बदलला. पत्रा ताठ झाला की आवाज कसा पातळ होतो, तुम्हाला माहीत आहे. म्हणजे एके काळी माहीत होतं. मी पाणी द्यायच्या निमित्तानं बाहेर आले आणि बघितलं, गुडघ्याच्या पिळापाशी तो थकला होता. साबण लावून परत तापवायची वेळ होऊन गेली होती. अजून दहा-बारा घाव आणि चिरला असता. मला स्वच्छ दिसत होतं.

मी पाणी ठेवलं आणि आत गेले.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मी तुम्हाला कसं सांगणार होते? तुमचा पत्रा विरघळवणारी मी, तुमच्या वडिलांनी तुमच्या जागेवर उभी केलेली मी. आणि मी तुम्हाला म्हणायचं, "ताई, साबण लावा"? आतून ऐकत राहिले. बारा नाही, नऊच घाव झाले. मग तो आवाज.

तिसऱ्या दिवशी तुम्ही ती चीर जोडलीत, वरून ठोकलीत, तसाच पूर्ण केलात. जेवताना भावाला म्हणालात, "हात गेला माझा. अठरा वर्षं दातांच्या कवळ्या करतेय. नखाएवढ्या वस्तूंची सवय लागली." तो म्हणाला, "नाही गं, बरा झालाय." तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्यानं पुढचा घास घेतला नाही.

सकाळी बाबा उठायच्या आत तुम्ही गेलात. पत्रा टेबलावर होता, उपडा.

हात गेलेला नव्हता, ताई. फक्त एकदा तापवायचं राहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईनं सांगितलं नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

वहिनी

१९ एप्रिल

ताई,

तुम्ही गेलात त्या दिवशी बाबांनी तो पत्रा गाडीला लावायला लावला. मी म्हटलं, नीट करून लावू, चीर भरून काढू. ऐकेनात. मला हातही लावू देईनात त्याला, फक्त स्क्रू पिळायची परवानगी. तेव्हापासून गाडी तशीच आहे. उजवी बाजू गुळगुळीत, डावीवर पोचे आणि ती जोडाची रेघ. रंग द्यायचा नाही म्हणाले. म्हणजे डबा बघितला आणि मान हलवली.

इंजिन मागच्या रविवारी सुरू झालं. धूर फार झाला, पण सुरू झालं.

मी लिहितेय ते आठवड्यापूर्वीच्या गोष्टीसाठी. वीजमीटर वाचणारा आला होता, नेहमीचाच, जरा गप्पिष्ट आहे. मीटर वर्कशॉपच्या आतल्या भिंतीवर, त्यामुळे त्याला गाडीजवळून जावं लागतं. तो थांबला. म्हणाला, "वा! काय गाडी आहे काका! जुनी दिसतेय." बाबा खुर्चीत होते. मग तो फिरून डाव्या बाजूला गेला, वाकला आणि म्हणाला, "अरेरे, इकडून ठोकली वाटतं कुणीतरी."

बाबा खुर्चीत सरळ झाले. मी मोगरी खाली ठेवली. त्यांचा ओठ हलायला लागला की मी 'पाना'ची वाट बघते, सवय झालीय. पण ते म्हणाले, "मुलीनं केलंय."

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. तुम्ही इथे असताना तीन दिवसांत त्यांना जे जमलं नाही, ते त्या मीटरवाल्याला सांगितलं. "माझ्या मुलीनं केलंय."

तो हसला. म्हणाला, "असू दे हो काका, मुली शिकताना पाडतातच गाडी. माझ्या पोरीनं तर भिंतीत घातली होती."

बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "केलं," म्हणाले. "केलं! केलं!" डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर आपटून आपटून. तो बिचारा घाबरला. "हो हो काका, समजलं," म्हणाला आणि आकडा टिपून घाईनं बाहेर पडला.

मी त्याच्या मागे धावले. फाटकाशी गाठला. त्याला सगळं सांगितलं, हो, अगदी सगळं. पाडली नाही, बनवलीय. ही बाजू माझ्या नणंदेनं हातानं बनवलीय, आणि याआधीची होती ती याहून सुंदर होती, वडिलांच्या कामापेक्षा सुंदर. ती मी घालवली. वडिलांनी आज पहिल्यांदा कबूल केलंय, तुमच्यासमोर. मी रडत असेन बहुधा. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं बरं." मग विचारलं, "शेजारच्यांचं मीटर मागच्या बाजूला आहे का हो?"

मी आत आले आणि तुमचा नंबर लावला. तुम्ही उचललात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी काही न बोलता फोन बाबांच्या तोंडाशी धरला आणि म्हटलं, "बाबा, ताई आहेत. म्हणा. आत्ता म्हणालात ते म्हणा." त्यांनी फोनकडे बघितलं. ओठ हलला. तुम्ही पलीकडून "हॅलो, हॅलो" म्हणत होतात, मग "कोण? बाबा?" म्हणालात. ते नुसते श्वास घेत राहिले. मी मानेनं, हातानं खुणा केल्या, गाडीकडे दाखवलं, अक्षरशः हात जोडले त्यांच्यापुढे. मग तुम्ही फोन ठेवलात. तुमची काही चूक नाही.

त्यानंतर रोज विचारते. चारला खुर्ची बाहेर नेली की गाडीवर हात ठेवून विचारते, "बाबा, हे कुणी केलं?" ते माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "पाना."

तुमचा भाऊ तेव्हा डेपोत होता. मीटरवाल्यानं ऐकलं, पण त्याला कळलं नाही. म्हणजे ते वाक्य ऐकणारी आणि समजणारी मी एकटीच. आणि मी तुम्हाला आधी काय काय लिहिलंय, ते तुमच्याकडे असेलच. पत्रे साफ करायला दिलेत, येताहेत, गंज काढणारा हळू आहे. त्या टाकीवाल्यानं काही विचारलंच नाही. एवढं सगळं वाचून तुम्ही माझं हे एक वाक्य का खरं मानावं, मला सांगता येत नाही.

पण ते म्हणाले, ताई. मी ऐकलं.

वहिनी